विश्लेषण : शेजाऱ्याच्या ई-मोटारीला अपडेट आले, मग आपल्या गाडीला का नाही?

इलेक्ट्रिक मोटारींचे सॉफ्टवेअर आता मोबाइलप्रमाणे इंटरनेटवरून बदलते. मात्र एकाच कंपनीच्या, अगदी एकाच मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना ते एकाच दिवशी मिळत नाही. काहींना आठवडाभर थांबावे लागते, काहींना सर्व्हिस सेंटर गाठावे लागते, तर काहींना ते कधीच मिळत नाही. यात खबरदारी किती आणि गाडी ‘जुनी’ ठरवण्याचा भाग किती, याचा वेध…

एकाच महिन्यात, एकाच शोरूममधून घेतलेल्या दोन इलेक्ट्रिक मोटारी. एकीच्या पडद्यावर ‘नवे सॉफ्टवेअर उपलब्ध आहे’ असा संदेश झळकतो, दुसरीच्या पडद्यावर पंधरा दिवस उलटले तरी काहीच नाही. आपल्या गाडीत बिघाड आहे किंवा कंपनीने आपल्याला वगळले, अशी शंका मालकाला येणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा तसे नसते, कारण अपडेट मुद्दामच हप्त्याहप्त्याने पाठवले जाते. पण प्रत्येक वेळी कारण खबरदारीचेच असते असेही नाही. ‘अजून पाळी आलेली नाही’ आणि ‘आता पाळी येणारच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

ओटीए अपडेट म्हणजे काय?

‘ओव्हर द एअर’ अर्थात ओटीए म्हणजे गाडी गॅरेजमध्ये न नेता मोबाइल नेटवर्क किंवा वाय-फायवरून तिचे सॉफ्टवेअर बदलणे. मोटार उद्योगात ही पद्धत टेस्लाने रुळवली. २०१२मध्ये बाजारात आलेल्या ‘मॉडेल एस’पासूनच कंपनी गाडी विकल्यानंतरही तिच्यात बदल करू लागली. सुरुवातीला पडदा, नकाशे, चार्जिंगचे वेळापत्रक अशा सोयींपुरते हे बदल वाटत होते. त्यांची खरी ताकद २०१८मध्ये दिसली.

त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने ‘मॉडेल ३’च्या ब्रेकची चाचणी घेतली. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेगावरून गाडी थांबण्यास १५२ फूट लागले आणि नियतकालिकाने गाडीची शिफारस नाकारली. टेस्लाने काही दिवसांतच ब्रेकच्या प्रणालीचे सॉफ्टवेअर बदलून पाठवले. फेरचाचणीत तीच गाडी १३३ फुटांत थांबली. १९ फुटांचा, म्हणजे जवळपास सहा मीटरचा फरक एकही सुटा भाग न बदलता पडला. सॉफ्टवेअरने ब्रेक सुधारता येतात, हे त्या दिवशी साऱ्या उद्योगाला कळले. चुकीच्या सॉफ्टवेअरने ते बिघडूही शकतात, हाही त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ होता.

गाडीच्या आत नेमके काय घडते?

आधुनिक मोटारीत एकच संगणक नसतो. बॅटरी, मोटर, ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग, दरवाजे, पडदा अशा प्रत्येकासाठी वेगवेगळी नियंत्रक यंत्रे असतात. त्यांना ‘ईसीयू’ म्हणतात आणि अनेक गाड्यांत त्यांची संख्या काही डझनांच्या घरात जाते. अपडेट आधी गाडीच्या इंटरनेट जोडणी असलेल्या भागात येते. त्यावरची डिजिटल सही तपासली जाते. ही सही कंपनीचीच असेल, तरच पुढचे दार उघडते. मग संबंधित ईसीयूंना त्यांचा-त्यांचा वाटा पोहोचवला जातो.

चांगल्या रचनेत महत्त्वाच्या यंत्रांमध्ये सॉफ्टवेअरसाठी दोन कप्पे असतात. जुने सॉफ्टवेअर एका कप्प्यात चालू असते, नवे दुसऱ्यात उतरवले जाते. सर्व ठीक असेल तर गाडी नव्या कप्प्यावरून सुरू होते, नाही तर जुन्यावर परतते. ज्या यंत्रांत अशी दुहेरी सोय नसते, तिथे जुने पुसूनच नवे लिहावे लागते. तेवढा वेळ ते यंत्र निकामी असते. म्हणूनच बहुतेक अपडेट गाडी उभी असताना, बॅटरीत पुरेसा चार्ज असताना आणि मालकाने होकार दिल्यावरच बसतात.

ही अट किती आवश्यक आहे, हे जानेवारी २०१९मध्ये बीजिंगमध्ये दिसले. शहरातील सर्वात महत्त्वाच्या छांगआन मार्गावर वाहतूक कोंडीत अडकलेल्या एका ‘निओ ईएस८’ मोटारीत अपडेट सुरू झाले. पडदे काळे झाले, खिडक्याही उघडेनात. आतील मंडळी तासाभराहून अधिक वेळ भर रस्त्यात अडकून पडली. सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता, चुकली होती ती वेळ.

सगळ्या गाड्यांना एकदम का पाठवत नाहीत?

प्रयोगशाळेत कितीही चाचण्या घेतल्या तरी रस्त्यावरची प्रत्येक परिस्थिती तिथे उभी करता येत नाही. कुठे नेटवर्क मध्येच तुटते, कुठे बारा व्होल्टची छोटी बॅटरी अशक्त झालेली असते, कुठे मालकाने बाहेरून एखादे उपकरण जोडलेले असते. त्यामुळे अपडेटची वाटचाल साधारण अशी असते : आधी कंपनीच्या चाचणी गाड्या, मग कर्मचाऱ्यांच्या गाड्या, नंतर मोजके ग्राहक, त्यानंतर गाड्यांचा वाढता वाटा आणि शेवटी सर्वजण. प्रत्येक टप्प्यानंतर किती गाड्यांत अपडेट नीट बसले, किती ठिकाणी अडकले, कोणत्या नव्या तक्रारी आल्या, याची माहिती गाड्यांकडूनच परत येते. आकडे बिघडले तर मोहीम तिथेच थांबवली जाते. टेस्लाच्या गाड्यांत तर ‘स्टँडर्ड’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ असा पर्याय मालकालाच दिलेला असतो. दुसरा पर्याय निवडणाऱ्यांना अपडेट लवकर मिळण्याची शक्यता अधिक असते.

टप्पे नसते तर काय झाले असते, याची कल्पना ‘रिव्हियन’च्या प्रसंगावरून येते. नोव्हेंबर २०२३मध्ये या अमेरिकी कंपनीने पाठवलेल्या अपडेटमध्ये चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची आवृत्ती गेली. ज्या गाड्यांत ती उतरली, त्यांची इन्फोटेन्मेंट यंत्रणा मध्येच अडकली. गाड्या चालत होत्या, पण मुख्य पडदा निरुपयोगी झाला. हा मानवी हाताचा घोळ असल्याचे कंपनीच्या सॉफ्टवेअर प्रमुखांनीच मान्य केले. मोहीम लगेच रोखल्याने फटका काही गाड्यांपुरताच राहिला आणि नंतर दुरुस्तीचे अपडेट पाठवण्यात आले.

ऑक्टोबर २०२५मधील ‘जीप रँग्लर ४एक्सई’ या प्लग-इन हायब्रिड गाडीचा प्रसंग याहून गंभीर होता. अपडेटनंतर काही गाड्यांची चालकशक्ती रस्त्यावर धावतानाच गेली. कंपनीला अपडेट मागे घ्यावे लागले. म्हणजे आठवडाभर उशिरा येणारे अपडेट हे अनेकदा मालकाच्या फायद्याचेच असते. आधीच्या टप्प्यातील गाड्यांनी जोखीम घेऊन झालेली असते.

मॉडेल एकच, तरी सॉफ्टवेअर वेगळे कसे?

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाड्या आतून सारख्या नसतात. मोटार कंपन्या वर्षभर सुटे भाग बदलत असतात. एखादा पुरवठादार बदलतो, कॅमेरा नव्या पिढीचा येतो, बॅटरीचे रसायन वेगळे होते. २०२१च्या चिप टंचाईत टेस्लाने मिळतील त्या पर्यायी चिप वापरल्या आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर नव्याने लिहिले. अशा वेळी एकाच वर्षी तयार झालेल्या दोन गाड्यांनाही वेगवेगळी फाइल लागते. त्यात देशानुसार फरक येतो. चालक-साहाय्य प्रणालीला एका देशात परवानगी असते, दुसऱ्यात नसते. स्टीअरिंग उजवीकडे की डावीकडे, चार्जिंगचे प्लग कोणते, नकाशा कुणाचा, हेही बदलते.

म्हणून कंपनीच्या सर्व्हरवर प्रत्येक गाडीची, तिच्या चासी क्रमांकानुसार, एक कुंडलीच ठेवलेली असते. कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, कोणते सशुल्क पर्याय, हे त्यात असते. अपडेट पाठवण्याआधी ते या कुंडलीशी जुळवले जाते. जी संयोगे जास्त संख्येने रस्त्यावर आहेत, त्यांची चाचणी आधी पूर्ण होते. दुर्मीळ संयोगाच्या गाड्या मागे राहतात.

उशिराचा दुसरा प्रकार इथूनच सुरू होतो. सॉफ्टवेअर दरवर्षी जड होत जाते, गाडीतील संगणक मात्र विकताना होता तोच राहतो. टेस्लाच्या २०१९पासूनच्या गाड्यांत ‘हार्डवेअर ३’ आणि २०२३पासूनच्या गाड्यांत ‘हार्डवेअर ४’ हा संगणक आला. स्वयंचलनाच्या नव्या आवृत्त्या नव्या संगणकावर आधी येऊ लागल्या. ज्यांनी ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’साठी आगाऊ पैसे मोजले, त्यांच्या ‘हार्डवेअर ३’ गाड्यांतील संगणक बदलावे लागतील, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जानेवारी २०२५मध्ये मान्य केले. या मालकांच्या बाबतीत अडचण पाळीची नव्हती. त्यांच्या गाडीची क्षमताच कमी पडली होती.

जुन्या कंपन्या मागे का पडल्या?

परंपरागत मोटार कंपन्या ब्रेकचे नियंत्रक एका पुरवठादाराकडून, पडदा दुसऱ्याकडून, बॅटरीची यंत्रणा तिसऱ्याकडून घेत आल्या. प्रत्येकाचे सॉफ्टवेअर त्या-त्या पुरवठादाराचे. एक बदल करायचा तर सगळ्यांना एका टेबलावर आणावे लागते. टेस्ला, रिव्हियन किंवा चीनमधील निओ यांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. मोजके शक्तिशाली संगणक आणि बरेचसे स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर, ही त्यांची रचना आहे.

फोक्सवॅगनला या फरकाची मोठी किंमत मोजावी लागली. २०२०मध्ये ‘आयडी.३’ बाजारात आली तेव्हा तिच्यातील काही सुविधा पूर्ण नव्हत्या. सुरुवातीच्या गाड्यांना पुढच्या आवृत्तीसाठी कार्यशाळेत बोलवावे लागले, त्यानंतरच त्या ओटीएच्या रांगेत आल्या. समूहाचा सॉफ्टवेअर विभाग ‘कॅरिआड’ रखडला, त्यामुळे पोर्शची इलेक्ट्रिक ‘मकान’ आणि ‘ऑडी क्यू६ ई-ट्रॉन’ लांबणीवर पडल्या. अखेर २०२४मध्ये फोक्सवॅगनने रिव्हियनशीच संयुक्त कंपनी स्थापन केली. या भागीदारीची रक्कम ५.८ अब्ज डॉलरपर्यंत जाणारी आहे. गाड्या बनवण्याचा कित्येक दशकांचा अनुभव असलेल्या समूहाने सॉफ्टवेअरच्या रचनेसाठी नवख्या कंपनीचा हात धरला, यातच सगळे आले.

ओटीएने सगळेच दोष दूर होतात का?

नाही. डिसेंबर २०२३मध्ये टेस्लाने अमेरिकेत ऑटोपायलटच्या त्रुटीसाठी २० लाखांहून अधिक गाड्या ‘रिकॉल’ केल्या. नाव रिकॉल असले तरी एकही गाडी परत बोलावली गेली नाही. चालकाचे लक्ष रस्त्यावर राहावे यासाठीचे अधिक इशारे अपडेटमधून पोहोचले. पण काही महिन्यांतच, एप्रिल २०२४मध्ये, अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था ‘एनएचटीएसए’ने ही दुरुस्ती पुरेशी आहे का, याची चौकशी सुरू केली. अपडेट पोहोचले म्हणजे दोष संपला, असे गृहीत धरता येत नाही.

जिथे दोष वस्तूतच असतो, तिथे सॉफ्टवेअर फार तर वेळ मारून नेते. ‘शेव्हरोले बोल्ट’च्या बॅटरीला आगी लागू लागल्या, तेव्हा नोव्हेंबर २०२०मध्ये चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखणारे सॉफ्टवेअर देण्यात आले. मूळ दोष बॅटरीच्या सेलमध्ये होता. २०२१मध्ये कंपनीला बॅटरीचे भाग बदलून देण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. टेस्लाच्या जुन्या ‘मॉडेल एस’ आणि ‘मॉडेल एक्स’मध्ये पडद्यामागील मेमरी चिप वारंवार लिहिल्यामुळे झिजून निकामी होत होती. फेब्रुवारी २०२१मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांसाठी प्रत्यक्ष रिकॉल काढावा लागला.

भारतातही याचे उदाहरण आहे. जून २०२४मध्ये ह्युंदाईने देशातील १,७४४ ‘आयोनिक ५’ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या ‘आयसीसीयू’ या भागात दोषाची शक्यता होती. बारा व्होल्टची बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी बंद पडू शकते. अशा कामासाठी गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते. घरबसल्या येणाऱ्या संदेशाची वाट पाहत बसणे इथे धोक्याचे ठरते.

विकलेल्या गाडीवर ताबा कोणाचा?

सप्टेंबर २०१७मध्ये ‘इर्मा’ चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दिशेने येत असताना टेस्लाने तेथील काही गाड्यांची पल्लामर्यादा तात्पुरती वाढवली. त्या गाड्यांत मोठी बॅटरी आधीपासूनच होती, कमी पैसे दिलेल्या ग्राहकांसाठी तिचा काही भाग सॉफ्टवेअरने बंद ठेवला होता. वादळातून निघणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला. त्याच वेळी गाडीत काय आहे आणि मालकाला काय वापरता येते, हे दूर बसलेली कंपनी ठरवते, हेही उघड झाले.

उलट दिशेचा प्रसंग २०१९चा आहे. आगीच्या घटनांनंतर टेस्लाने बॅटरीच्या सुरक्षेसाठी अपडेट पाठवले. त्याने काही जुन्या ‘मॉडेल एस’ गाड्यांची कमाल चार्जिंग पातळी खाली आली आणि पल्ला घटला. मालक न्यायालयात गेले. २०२१मध्ये १,७४३ गाड्यांसाठी १५ लाख डॉलरची तडजोड झाली, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६२५ डॉलर आले. सुरक्षेसाठीचा बदल योग्यही असू शकतो. पण मालकाला आधी सांगितले का आणि त्याला नकार देता येत होता का, हे प्रश्न उरतातच.

भारतीय ग्राहकांना या व्यवहाराची ओळख आधी स्कूटरमुळे झाली. ओला इलेक्ट्रिकने डिसेंबर २०२१मध्ये ‘एस१’ स्कूटर द्यायला सुरुवात केली, पण क्रूझ कंट्रोलसारख्या काही सुविधा २०२२मधील ‘मूव्हओएस २’ अपडेटनंतरच मिळाल्या. अपडेटच्या भरवशावर अपुरी वस्तू विकता येते, ही सवय उद्योगाला लागण्याचा धोका त्यातून दिसतो.

नियम काय सांगतात?

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमधील ‘आर १५६’ हा नियम केवळ सॉफ्टवेअर अपडेटसाठी आहे. जून २०२०मध्ये तो मंजूर झाला. युरोपीय महासंघात जुलै २०२२पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४पासून सर्व नव्या गाड्यांना तो लागू आहे. अपडेट त्या विशिष्ट गाडीच्या रचनेशी जुळते का, हे पाठवण्यापूर्वी तपासणे; कोणत्या गाडीत कोणती आवृत्ती आहे, याची नोंद ठेवणे; मालकाला बदलाचा उद्देश आणि लागणारा वेळ सांगणे; अपडेट फसले तर गाडी आधीच्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत आणणे, या जबाबदाऱ्या तो कंपनीवर टाकतो. सायबर सुरक्षेसाठी ‘आर १५५’ हा त्याचा जोडीदार नियम आहे.

चीननेही फेब्रुवारी २०२५मध्ये चालक-साहाय्य प्रणालींच्या ओटीए अपडेटवर लगाम कसला. पुरेशी चाचणी न झालेले सॉफ्टवेअर ग्राहकांच्या गाड्यांवर अजमावू नये, हा त्यामागचा रोख आहे.

भारतात याच धर्तीवर सायबर सुरक्षेसाठी ‘एआयएस-१८९’ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी ‘एआयएस-१९०’ ही मानके आखण्यात आली आहेत. अशी मानके ठरवण्याच्या प्रक्रियेत पुण्यातील ‘एआरएआय’ या संस्थेची भूमिका महत्त्वाची असते. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला असून, त्याचे दंडासह नियम एप्रिल २०२१पासून लागू आहेत. मात्र हा विचार मुख्यतः परत बोलावल्या जाणाऱ्या गाड्यांचा आहे. घरी उभ्या असलेल्या गाडीत रात्रीतून झालेला बदल, ही गोष्ट वेगळी आहे.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा राहिलेला नाही. महिंद्रची ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ ही ओटीएवर भर देणारी वाहने चाकणच्या प्रकल्पात तयार होतात. टेस्लाने आपले देशातील पहिले दालन जुलै २०२५मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले.

मालकाने काय पाहावे?

अपडेट शेजाऱ्याला आले आणि आपल्याला नाही, तर आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. तळघरातील पार्किंगमध्ये नेटवर्क नसल्यानेही डाउनलोड अडते. गाडीतील सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवावी. पल्ला, ब्रेक किंवा चार्जिंगमध्ये फरक जाणवला तर ती तारीख पुरावा ठरते. अपडेटची नोंद ‘पुढे’ ढकलत बसण्याआधी त्यात सुरक्षेची दुरुस्ती आहे का, ते वाचावे. सुरू करताना गाडी बाहेर काढण्याची घाई नसावी. चासी क्रमांकावरून रिकॉल आहे का, हे अधूनमधून कंपनीकडे विचारावे.

नवी गाडी घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न थेट विचारता येतात. दाखवलेल्या सुविधांपैकी आज गाडीत कोणत्या चालू आहेत? आणि या मॉडेलला अपडेट किती वर्षे मिळतील, ते लेखी मिळेल का? मोबाइल तीन-चार वर्षांत बदलला जातो, मोटार मात्र दहा-पंधरा वर्षे वापरली जाते. तेवढ्या काळात हार्डवेअरच्या किती पिढ्या उलटतील आणि त्यातील कोणती पिढी आपल्या गाडीला मागे सोडेल, यावर गाडीची उपयुक्तता आणि पुनर्विक्रीची किंमत दोन्ही अवलंबून राहणार आहेत.